अफगाण युद्धाच्या पदकाच्या कडेवरील नाव कसे वाचावे आणि त्या शिपायाचा शोध कसा घ्यावा?

नाणेवेडा (पुणे) – प्रश्न

सर्व जाणकारांस नमस्कार.

गेली पंधरा-सोळा वर्षे मी शिवराई आणि संस्थानी नाणी जमवतो आहे. पदकांच्या वाटेला मात्र आजवर कधी गेलो नव्हतो. गेल्या महिन्यात येथील जुन्या बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या ढिगाखाली चांदीचे एक जाड पदक दिसले आणि विक्रेत्याने ते चांदीच्या भावाने तोलून दिले. पदकाच्या एका बाजूस मुकुट आणि ओढणी घेतलेली व्हिक्टोरिया राणी असून, दुसऱ्या बाजूस पाठीवर तोफ वाहणारा हत्ती, त्याच्याबरोबर घोडेस्वार आणि पायदळ, वर ‘अफगाणिस्तान’ हा शब्द आणि खाली १८७८-७९-८० ही वर्षे आहेत. फीत नाही. विक्रेत्याचे म्हणणे असे की, हे पदक महाडकडच्या एका घरातून आले आणि ते ‘काबूल सर करणाऱ्या सुभेदाराचे’ आहे.

भिंगातून पाहिले असता कडेवर इंग्रजी अक्षरे कोरलेली दिसली. आधी एक क्रमांक आहे, मग ‘सिपॉय’ हा हुद्दा, मग दोन शब्दांचे नाव, त्यानंतर १६ हा आकडा, ‘बी’ आणि त्याला लागून एक झिजलेले लहान अक्षर, आणि शेवटी ‘एन. आय.’. नावाच्या पहिल्या शब्दाच्या शेवटी ‘एन-ए-सी’ ही अक्षरे स्पष्ट आहेत. एखाद्या खात्याचे ते संक्षिप्त रूप असावे, असे मला वाटते. संपूर्ण नाव येथे देत नाही, कारण त्या घराण्यातील माणसे आजही हयात असतील.

इतर पदकांच्या छायाचित्रांत फितीवर गावांची नावे असलेल्या आडव्या पट्ट्या दिसतात. माझ्या पदकाला अशी एकही पट्टी नाही, तेव्हा ती हरवली असे समजावे काय? पदक काळे पडले आहे, ते पितांबरीने उजळावे काय? आणि मुख्य म्हणजे, हा शिपाई कोण होता, हे आज शोधता येईल काय?

कडेकपारी (नाशिक) – उत्तर

पहिली विनंती अशी की, पितांबरी, चिंच, रांगोळी, टूथपेस्ट यांपैकी काहीही त्या पदकाला लावू नका. कडेवरची अक्षरे केसाएवढ्या खोलीची असतात आणि देव्हाऱ्यातल्या समईसारखे पदक घासले की पहिल्यांदा तीच जातात. तुमचे जे एक अक्षर झिजले आहे, ते बहुधा अशाच एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत गेले असावे. काळेपणा राहू द्या; नाणी जमवणाऱ्याला हे मी वेगळे सांगायला नको.

आता खरे-खोटे. या पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर असतो. व्हर्नियर कॅलिपरने तो निदान सहा ठिकाणी मोजा. एखाद्या साध्या शिपायाचे नाव कानशीने घासून त्या जागी गाजलेल्या पलटणीतील माणसाचे नाव कोरण्याचा उद्योग जुना आहे. असे केलेले असल्यास व्यास एका बाजूस किंचित कमी भरतो आणि तिरप्या उजेडात जुन्या अक्षरांचे तळ दिसतात. साच्यात ओतलेली नक्कल असेल तर धातू आकसल्यामुळे संपूर्ण पदकच थोडे लहान भरते आणि त्याचा पृष्ठभाग खरखरीत लागतो. तुमच्या पदकावर साध्या शिपायाचेच नाव आहे, ही मला जमेची बाजू वाटते, कारण खोटे कोरणारा माणूस कष्ट घेतो ते ‘माइवंद’सारख्या गाजलेल्या प्रसंगासाठी. विक्रेता सुभेदार म्हणतो आणि कड शिपाई म्हणते, तेव्हा कडेवर विश्वास ठेवा.

पट्टीविषयी मात्र सविस्तर सांगावे लागेल, कारण ‘पट्टी नाही म्हणजे पदक अपुरे’ हा गैरसमज नव्या संग्राहकांत फार आढळतो. या पदकासाठी एकंदर सहाच पट्ट्या काढण्यात आल्या: अली मशीद, पेवार कोतल, चारासिया, काबूल, अहमद खेल आणि कंदाहार. नकाशा समोर ठेवून पाहिले तर यांतील पहिल्या चार खैबर, कुर्रम आणि काबूल या उत्तरेकडच्या आघाडीवरच्या आहेत. अहमद खेल ही ब्रिटिश सेनापती स्ट्यूअर्टची फौज कंदाहारहून काबूलकडे जात असताना वाटेत, १९ एप्रिल १८८० रोजी झालेली लढाई होय, तर कंदाहारची पट्टी १ सप्टेंबर १८८० च्या लढाईसाठी आहे. मुंबई इलाख्याच्या पलटणी प्रामुख्याने दक्षिणेकडे होत्या. सिंधमधून सिबी, बोलन खिंड, क्वेट्टा आणि चमन या मार्गाने कंदाहारपर्यंत रसद आणि तारायंत्र चालू ठेवणे, ठाणी राखणे आणि उंटांच्या तांड्यांना सोबत करणे हे त्यांचे मुख्य काम होते. या कामात उन्हाने आणि रोगाने माणसे मेली, टोळ्यांशी चकमकी झाल्या. परंतु पट्टी मिळावी अशी नामांकित लढाई त्यांच्या वाट्याला क्वचितच आली. अशा हजारो शिपायांना केवळ पदक मिळाले आणि तेच त्यांचे पूर्ण पदक होते.

२७ जुलै १८८० रोजी माइवंद येथे ब्रिगेडियर जनरल बरोज यांच्या सुमारे २,५०० सैनिकांपैकी ९०० हून अधिक ठार झाले, आणि त्यांत मुंबईच्या १ल्या ग्रेनेडियर्स व ३०व्या जेकब्स रायफल्स या दोन पलटणींचा संहार झाला. तरीही माइवंदसाठी पट्टी काढण्यात आली नाही, कारण तो पराभव होता. थोडक्यात, पट्टी सरकारला हव्या असलेल्या आठवणीची असते.

तरीसुद्धा खात्री करून घ्यायची असल्यास कडीच्या, म्हणजे फीत ओवायच्या आडव्या दांडीच्या, दोन्ही टोकांना बारीक खिळ्यांच्या खुणा आहेत का, ते पाहा. पट्टी कडीला खिळ्यांनीच जोडलेली असते. ती काढली असेल तर खूण राहते.

दफ्तरदार (ठाणे) – उत्तर

कडेकपारींनी वस्तूविषयी सांगितले आहे, तेव्हा मी अक्षरांकडे वळतो.

‘एन-ए-सी’ हे कोणत्याही खात्याचे संक्षिप्त रूप नाही. तो ‘नाक’ आहे. महार समाजातील पुरुषांच्या नावापुढे त्या काळी ‘नाक’ हे पद लावीत, आणि मुंबईच्या लष्करी कारकुनांनी ते या तीन अक्षरांनी लिहिण्याचा प्रघात पाडला होता. कोरेगाव भीमा येथील विजयस्तंभावरील नावे ज्यांनी नीट वाचली आहेत, त्यांना हा शेवट परिचित असेल. त्याचप्रमाणे नावानंतर आडनावासारखा ‘इस्रायल’ हा शब्द आला तर तो शिपाई बहुधा कोकणातील बेने इस्रायल समाजाचा असतो. मुंबईच्या पलटणींत मराठे, महार, मुसलमान, बेने इस्रायल आणि उत्तरेकडून आलेले परदेशी एकाच कंपनीत असत, आणि त्यांची नावे एका इंग्रज अधिकाऱ्याच्या कानांतून कारकुनाच्या लेखणीत उतरत. त्यामुळे पवाराचा पोवार, जाधवाचा जाडो आणि कदमाचा कुड्डम झालेला सर्रास दिसतो. म्हणून इंग्रजी अक्षरांवरून नाव मनात ठरवून मग ते शोधू नका. आधी ते मोठ्याने उच्चारून पाहा आणि कोकणात किंवा देशावर त्या ध्वनीचे कोणते नाव आहे, ते ओळखा.

या ‘नाक’ने तुमचा दुसरा पेचही सुटतो. १९०३ पूर्वी बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही फौजांचे पलटणींचे क्रमांक स्वतंत्र होते, म्हणजे ‘१६वी नेटिव्ह इन्फन्ट्री’ (कडेवरचे ‘एन. आय.’ ते हेच, म्हणजे हिंदी शिपायांचे पायदळ) एकाच वेळी तीन ठिकाणी नांदत होती. बंगालची १६वी ही लखनौ रेजिमेंट. ‘बी’ नंतरचे झिजलेले अक्षर ‘ई’ असेल तर बंगाल, ‘ओ’ असेल तर बॉम्बे. आणि लिलावांच्या सूचीतसुद्धा ही गफलत झालेली मी पाहिली आहे. परंतु ‘नाक’ असलेला माणूस लखनौ रेजिमेंटमध्ये असणे संभवत नाही. तुमचा शिपाई १६व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीचा आहे, असे समजून पुढे जायला हरकत नाही.

ही पलटण क्वेट्ट्याच्या पूर्वेकडील हरनाई मार्गावर होती. माइवंदच्या पराभवाची बातमी पसरताच ऑगस्ट १८८० मध्ये टोळीवाल्यांनी कच येथील ठाण्यावर मोठा हल्ला केला. तो याच पलटणीच्या जवानांनी परतवून लावला. तुमचा शिपाई त्या दिवशी कच येथे होता की मागच्या एखाद्या ठाण्यावर होता, हे पदक सांगत नाही, आणि ते तुम्हीही गृहीत धरू नये. मात्र ‘काबूल सर केले’ ही कथा कशी निर्माण झाली असावी, हे यावरून कळते. आपल्याकडच्या घराघरांत बोलनपलीकडचा सगळा मुलूख ‘काबूल’ या एकाच नावाने ओळखला जाई.

पुढे या पलटणीचे नाव बदलत गेले. १९०३ मध्ये मुंबईच्या पायदळाच्या क्रमांकांत शंभर मिळवण्यात आले, त्यामुळे १६वीची ११६वी मराठाज झाली. १९२२ च्या पुनर्रचनेत ती ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन बनली, आणि तीच आजची मराठा लाइट इन्फन्ट्रीची ४थी बटालियन होय. रेजिमेंटचे केंद्र बेळगावला आहे. पलटणीचा इतिहास समजण्यासाठी तेथे पत्र लिहावे. परंतु व्हिक्टोरियाकालीन साध्या शिपायाचे वैयक्तिक कागद मिळतील, अशी अपेक्षा ठेवू नये.

येथेच गोऱ्या आणि काळ्या शिपायाच्या संशोधनातील फरक सुरू होतो. तुमच्याकडे ६६व्या फूट या बर्कशायरच्या पलटणीतील एखाद्या सैनिकाचे याच युद्धाचे पदक असते, तर लंडनजवळच्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) १०० या मालिकेत त्याचा मेडल रोल, म्हणजे पदक मिळालेल्यांची यादी, सापडला असता, आणि निवृत्तिवेतनावर गेला असल्यास डब्ल्यूओ ९७ मध्ये त्याची सेवापत्रिका: जन्मगाव, भरतीच्या वेळचे वय, उंची, डोळ्यांचा रंग, झालेल्या शिक्षा, सारे काही. हिंदी शिपायाच्या बाबतीत मुख्यतः मेडल रोलच हाती लागतो. हिंदी पलटणींचे रोल ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये, एल/एमआयएल/५ या मालिकेत आहेत. त्यांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि कोणत्या पट्टीचा हक्क आहे, एवढी ओळ असते. गाव आणि बापाचे नाव मिळण्याची आशा धरू नका. तरीही ती ओळ महत्त्वाची, कारण कडेवरचा क्रमांक आणि रोलमधला क्रमांक जुळला की पदक अस्सल असल्याचा आणि पट्टीचा, असे दोन्ही प्रश्न एकदम मिटतात. शोध क्रमांकावरून घ्यावा, नावावरून घेऊ नये, कारण कोरणाऱ्याचे आणि रोल लिहिणाऱ्याचे स्पेलिंग एकच असेल, असे नाही.

हा शिपाई पुढे खरोखरच जमादार किंवा सुभेदार झाला असेल, तर मार्ग थोडा सोपा होतो, कारण आर्मी लिस्टमध्ये हिंदी अधिकाऱ्यांची नावे छापली जात. विक्रेत्याच्या ‘सुभेदारा’त तथ्य असण्याची ही एक शक्यता मी मोकळी ठेवतो: पदक शिपाई असताना मिळाले आणि बढती मागाहून झाली, असे पुष्कळांच्या बाबतीत घडले आहे.

वैनगंगा (नागपूर) – प्रतिसाद

चर्चा वाचनीय आहे, परंतु एक शंका मांडतो. ही पदके परक्या सत्तेने आपल्या मोहिमांसाठी वाटली. व्हिक्टोरियाच्या नावाने १८५१ मध्ये देण्यात आलेल्या ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाच्या पट्ट्यांवर असई, आरगाव, गाविलगड, खडकी, कोरेगाव, सीताबर्डी, नागपूर आणि महिदपूर ही नावे आहेत. आमच्या सीताबर्डीच्या टेकडीवर १८१७ च्या नोव्हेंबरात भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला, त्याची ही चांदीची पावती. सत्तावनच्या पदकावरील ‘सेंट्रल इंडिया’ ही पट्टी तर झाशी घेणाऱ्यांना मिळाली. अशा वस्तू कौतुकाने जमवाव्यात काय?

दफ्तरदार (ठाणे) – उत्तर

वैनगंगा, आपली शंका रास्त आहे आणि आपण दिलेली उदाहरणे अचूक आहेत. झाशी घेणाऱ्या ब्रिटिश सेनापती ह्यू रोजच्या फौजेत मुंबईच्या २४व्या आणि २५व्या पलटणी होत्या, म्हणजे झाशीच्या तटाबाहेरही मराठी बोलणारी माणसे उभी होती. ही गोष्ट मला अवघड वाटते, आणि ती अवघडच राहावी.

मात्र ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाचा एक तपशील आपल्या मुद्द्याला जोडून पाहावा. ते १८०३ ते १८२६ या काळातील लढायांसाठी होते, पण १८५१ मध्ये जे हयात होते त्यांनाच मिळाले. असईची लढाई १८०३ ची. ती लढलेला शिपाई तोवर सत्तरीकडे झुकलेला, आणि मिळालेल्या जमिनीवर कुठल्यातरी खेड्यात राहणारा. ही घोषणा त्याच्यापर्यंत पोहोचणार कशी आणि तो अर्ज करणार कसा? म्हणूनच या पदकावर हिंदी शिपायाचे नाव आढळणे दुर्मीळ. साम्राज्याने कोणाला आठवणीत ठेवले आणि कोणाला वगळले, याचा इतका नेमका पुरावा इतर कागदांत सहज मिळत नाही. मी पदके जमवीत नाही, नावे उतरवून घेतो. कारण त्या काळातील कित्येक खेडुतांचे नाव छापील किंवा कोरीव स्वरूपात आढळते, ते अशा एखाद्या कडेवरच.

खाडीकाठ (दापोली) – उत्तर

महाडचा उल्लेख आला म्हणून लिहितो. विक्रेत्याची बाकी कथा सोडून द्या, परंतु महाड हे ठिकाण पटण्यासारखे आहे. महाड, पोलादपूर, दापोली, खेड या पट्ट्यातून मुंबईच्या पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या भरती होत असे, आणि दापोलीस निवृत्त लष्करी लोकांची मोठी वस्ती होती. आजही आमच्या गावाला जुनी माणसे ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. महार समाजातील सुधारक गोपाळबाबा वलंगकर हे महाड तालुक्यातील रावढळचे. १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाल्यावर ते दापोलीत राहिले. १८९० नंतरच्या काळात महारांची भरती सरकारने बंद केली, तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळातर्फे मुंबईच्या सरसेनापतींसाठी विनंतीपत्र तयार केले. आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी लढाया केल्या, हा त्या अर्जातील आधार होता. नाणेवेडा यांच्या शिपायासारख्या माणसांची सेवा हाच तो आधार, आणि अशा पदकांकडे मी त्या दृष्टीने पाहतो.

घराणे शोधायचे असेल तर गावातील वृद्धांना भेटा, परंतु ‘तुमच्या पूर्वजांचे पदक माझ्याकडे आहे’ असे पहिल्याच भेटीत म्हणू नका. आमच्या भागात एकाच नावाची चार-चार घरे असतात, आणि चांदीचे नाव निघाले की चौघांचेही आजोबा काबूलला गेलेले असतात. आधी पलटणीचा क्रमांक, निवृत्तिवेतनाचा एखादा कागद किंवा घरातील आठवण त्यांच्याकडून ऐका, मग पदक दाखवा. शिवाय अनेक गावांत पहिल्या महायुद्धास किती माणसे गेली, हे सांगणाऱ्या संगमरवरी पाट्या आहेत. त्या १९१४ ते १९१९ च्या आहेत, त्यांचा या युद्धाशी संबंध जोडू नये.

एक कायद्याची गोष्ट. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू पुरावस्तूंत मोडू शकतात, आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेण्याची मोकळीक नाही. परदेशातील संग्राहक चांगली किंमत देऊ करतील, तेव्हा हे ध्यानात असावे.

नाणेवेडा (पुणे) – मूळ प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली, तिचा वृत्तान्त देतो.

व्यास आठ ठिकाणी मोजला, सर्वत्र ३६ मिलिमीटर भरला. कडीच्या टोकांना खिळ्यांची खूण नाही, तेव्हा पट्टी कधी नव्हतीच असे मानतो. खोली अंधारी करून विजेरी आडवी धरली आणि मोबाइलने कडेचे पंचवीसएक फोटो काढले. त्यांतील तीन फोटोंत ते झिजलेले अक्षर पूर्ण गोल दिसते. मधली आडवी रेघ कोठेही नाही. ते ‘ओ’ आहे.

नावाचा पहिला शब्द ‘नाक’ वेगळे काढून वाचला, तेव्हा माझ्या आईने स्वयंपाकघरातून तो क्षणात ओळखला. मी मात्र महिनाभर त्यात एखादे इंग्रजी खाते शोधत होतो. दुसरा शब्द वडिलांच्या नावासारखा वाटतो, त्यालाही तोच शेवट असावा, पण तेथे कडी पदकाला धरून ठेवणाऱ्या पंजाखाली दोन अक्षरे झाकली गेली आहेत. पंजा सैल करून पाहावे, असा मोह झाला होता. कडेकपारींना विचारल्याशिवाय हात लावला नाही.

कडेकपारी (नाशिक) – उत्तर

पंजा मुळीच सैल करू नका. तो एकदा हलवला की पदक ‘दुरुस्त केलेले’ ठरते आणि कडी डगमगू लागते. झाकलेली दोन अक्षरे रोलमध्ये मिळतील. क्रमांकाचे सर्व अंक स्पष्ट असतील तर तेवढे दफ्तरदारांना खासगी निरोपाने कळवा.